‘एचएफ’मधला ‘एफ’

नगर, पुणे, सोलापूर या पट्ट्यातल्या गोठ्यात उभ्या असलेल्या काळ्या-पांढऱ्या गायीला कुणी होल्स्टीन फ्रिजियन म्हणत नाही. ती ‘एचएफ’. त्यातला ‘एफ’ म्हणजे फ्रीसलँड, नेदरलँड्सच्या उत्तरेचा सपाट, ओलसर, गवताळ प्रांत. त्याच्या राजधानीत, लेवार्डनमध्ये, १९५४ साली गायीचा ब्राँझचा पुतळा उभारला. लोक त्याला ‘उस मेम’ म्हणतात. फ्रिजियन भाषेत अर्थ ‘आमची आई’. गोमाता फक्त आपल्याचकडे असते असं मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी. फरक इतकाच, की निमित्त पूजेचं नव्हतं, गायींची वंशावळ लिहून ठेवणाऱ्या संस्थेच्या ७५ वर्षांचं होतं.

हा फरक दुधात उतरतो. फ्रीसलँडकँपिना या डच सहकारी संस्थेने दर जाहीर करण्यासाठी जे प्रमाण दूध धरलं, त्यात फॅट ४.४१ टक्के आणि प्रथिनं ३.४७ टक्के. आपल्या संकरित एचएफला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) गाठताना दमछाक होते, आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ टक्क्याला, दर कापला जातो. ऊन, उसाच्या वाढ्यावर भागवलेली वैरण, कमी पडणारा मुरघास ही कारणं खरीच. पण डच गाय पिढ्यान्‌पिढ्या फॅट आणि प्रथिनांच्या किलोवर निवडली गेली, कारण पैसे किलोवर मिळत होते. आपण लिटर मोजत आलो.

गायीच्या दुधाचा भाव पडला की महाराष्ट्रात वाद ठरल्या वाटेने जातो. २०१८ साली रस्त्यावर दूध ओतलं गेलं, मग लिटरला ५ रुपये अनुदान आलं. २०२४ मध्ये पुन्हा ५, पुढे ७. शिवाय उसासारखी दुधालाही एफआरपी (कायद्याने बांधलेला किमान दर) द्या, ही मागणी आहेच. आणि चर्चेत कुणीतरी हटकून म्हणतं, ‘हॉलंडमध्ये बघा, शेतकरीच डेअरीचा मालक आहे.’ आहे, खरंच आहे. पण त्या मालकीने शेतकऱ्याला चढा दर कधीच कबूल केला नाही. तिने कबूल केल्या दोन वेगळ्याच गोष्टी, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्रीसलँडमध्ये लोणी शेतावरच निघायचं, बहुतेक घरच्या बायकांच्या हातचं. पिंपात भरून ते लेवार्डनच्या वजनघरात यायचं आणि तिथून इंग्लंडला जायचं. १८७० नंतर या धंद्याला दोन बाजूंनी खिंडीत गाठलं. डेन्मार्कने कारखान्यात एकसारखं लोणी काढायला सुरुवात केली; प्रत्येक डबा त्याच चवीचा. आणि नेदरलँड्समधल्याच ऑस गावात मार्गारीन, म्हणजे नकली लोणी, बनू लागलं, ते व्यापारी लोण्यात मिसळू लागले. डच लोण्याचं नाव लंडनच्या बाजारात खराब झालं ते भेसळीने. शेतकऱ्याने केलेल्या भेसळीने नव्हे, पण भाव पडला तो शेतकऱ्याचा.

त्यावर पहिला उपाय खासगी होता. १८७९ साली फेनवाउडन गावात ‘फ्रेया’ नावाचा लोणी-चीजचा कारखाना निघाला. ती इमारत आज आर्नहेमच्या खुल्या संग्रहालयात उभी आहे. असे कारखाने वाढले तसं शेतकऱ्यांना उमगलं की लोणी सुधारलं, पण सुधारल्याचा पैसा कारखानदाराच्या खिशात गेला. १८८६ साली वार्गा गावच्या शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढला. प्रांतातला तो पहिला. पुढच्या तीसेक वर्षांत देशभर असे शेकडो निघाले. दक्षिणेत लिम्बर्ग आणि ब्राबांटमध्ये माणसं गरीब आणि गाई दोन-चार, तिथे वाफेचं यंत्र परवडेना. मग दुधातली साय वेगळी करणारं, हाताने फिरवायचं सेपरेटर घेऊन छोट्या खोलीत डेअरी सुरू झाली. आपल्या गावातल्या दूध संस्थेच्या जवळ जाणारी गोष्ट वार्गाची नव्हे, ही हातसेपरेटरवाली आहे.

१८९७ मध्ये फ्रीसलँडच्या सहकारी कारखान्यांचा संघ झाला, दुसऱ्या वर्षी निर्यातीसाठी ‘फ्रिको’. १९१३ मध्ये लेवार्डनला सहकारी कंडेन्स्ड मिल्कचा कारखाना. त्याचे डबे आग्नेय आशियात पोहोचले आणि इंडोनेशियात तो झेंड्याचा ब्रँड आजही घरोघरी आहे. १९०४ साली लोण्यावर सरकारी शिक्का आला. तो लावायचा तर लोणी तपासणी केंद्राच्या नजरेखालून जायला हवं. म्हणजे सरकारने इथे दर ठरवला नाही. माल खरा आहे एवढं ठरवलं.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, सगळं दूध. सभासदाने आपल्या गोठ्यातलं सगळं दूध संस्थेलाच घालायचं आणि संस्थेने ते सगळं घ्यायचं, बाजार कसाही असो. उन्हाळ्यात खासगीवाला दोन रुपये जास्त देतो म्हणून त्याच्याकडे आणि पावसाळ्यात दूध वाढलं की संघाकडे, हा आपल्याकडचा सराव तिकडे चालत नाही. आणि उलटही: ‘आज भुकटीला उठाव नाही, एक वेळचं दूध बंद’ असं संस्था म्हणू शकत नाही. आपल्या दूध संघांची मोठी दुखणी याच फटीत आहेत. पुष्टकाळात जास्तीच्या दुधाचा बोजा संघावर, कृशकाळात दूध दुसरीकडे. अशा संघाने दर कसा टिकवायचा, हे कुठल्याही अध्यक्षाला विचारा.

या बांधिलकीची किंमत डच सभासदांनीही मोजली आहे. १९८४ पासून युरोपात प्रत्येक गोठ्याला दुधाचा कोटा होता. तो ३१ मार्च २०१५ ला संपला आणि दूध असं उसळलं की कारखान्यांची क्षमता कमी पडली. घेणं तर भाग. शेवटी फ्रीसलँडकँपिनाने २०१६ च्या सुरुवातीला सहा आठवडे, जो सभासद दूध वाढवणार नाही त्याला किलोला २ सेंट जास्त देऊ, असं जाहीर केलं. सहकारी संस्था स्वतःच्या सभासदांना दूध न वाढवण्याचे पैसे देते, हे वाचून आपल्याकडे हसू येईल. पण पर्याय होता आलेलं दूध मातीमोल विकण्याचा, आणि तो तोटा सगळ्यांचाच.

दुसरी गोष्ट मोजमापाची. हिच्याकडे जरा जवळून बघू.

डच गोठ्यावर टँकर साधारण तीन दिवसांनी येतो. तोवर दूध गोठ्यावरच्या टाकीत थंड. युरोपचा नियम असा, की रोज उचल असेल तर दूध ८ अंशांच्या आत आणि रोज नसेल तर ६ अंशांच्या आत. चालक तापमान बघतो, झाकण उघडून वास घेतो, मग पाइप जोडतो. दूध चढत असताना टँकरवरचं यंत्र प्रवाहाच्या प्रमाणात थेंबथेंब नमुना काढतं आणि बारकोडच्या बाटलीत टाकतं. म्हणजे वरची साय किंवा तळचं पातळ असा प्रश्न उरत नाही. बाटली कारखान्यात जात नाही. ती झुट्फनच्या क्लिप या वेगळ्या प्रयोगशाळेत जाते. तिथे फॅट, प्रथिनं, लॅक्टोज आणि युरिया यांचे आकडे निघतात. जिवाणूंची संख्या (मिलिलिटरला १ लाखाच्या आत), कासेच्या आजाराची खूण असलेल्या पेशी (४ लाखांच्या आत) आणि अँटिबायोटिकचे अंश तपासले जातात. पाणी घातलंय का ते गोठणबिंदूवरून कळतं. दूध साधारण उणे ०.५२ अंशाला गोठतं. पाणी पडलं की आकडा शून्याकडे सरकतो, आणि ते लपवता येत नाही. टँकरमध्ये अँटिबायोटिक सापडलं तर दूध फेकलं जातं आणि कुणाच्या गोठ्यातलं ते बाटलीवरून ठरतं.

आता आपल्या संकलन केंद्रावर. पाच-सात लिटरची किटली, सकाळ-संध्याकाळ. दूध नीट ढवळलं नाही तर फॅट चुकतो. नुकतंच काढलेलं फेसाळ दूध लगेच मशीनला लावलं तर हवेच्या बुडबुड्यांनी एसएनएफ गडबडतो. मिल्कोटेस्टरची नळी रोज नीट धुतली नाही तर आत थर साचतो. गायीचं आणि म्हशीचं कॅलिब्रेशन वेगळं. एकावर दुसरं मोजलं तर दोन्ही आकडे खोटे. लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायची जुनी पद्धत तर साखर, युरिया किंवा भुकटीने सहज फसते, कारण ती फक्त घनता बघते, प्रथिनं बघत नाही. यातल्या बहुतेक चुकांना बदमाशी लागत नाही, आळस पुरतो. पण जो दूध विकत घेतो तोच मोजतो आणि तोच कापतो, तेव्हा आळस आणि बदमाशी यांतला फरक शेतकऱ्याला सांगायचा कुणी? पॉइंट कपातीवरचा राग खरा इथला आहे. ५ रुपये अनुदान दिलं आणि दोन पॉइंट मशीनने खाल्ले, तर अनुदान गेलं कुठे?

दराचं सूत्रही पाहण्यासारखं. फ्रीसलँडकँपिना महिन्याचा हमीदर जाहीर करते तो सरकारी नसतो. जर्मनी, डेन्मार्क, बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या इतर डेअऱ्या काय देणार, याचा अंदाज घेऊन तो बांधतात. शेजारी पडले की हाही पडतो. पैसे १०० किलोवर, प्रथिनं, फॅट आणि लॅक्टोज यांचे वेगळे. काही वर्षं प्रथिनं, फॅट, लॅक्टोज यांच्या किलोच्या भावाचं गुणोत्तर १० : ५ : १ होतं, पुढे ते बदललं. हिशेब सोपा आहे. वर्षाला ८ लाख किलो दूध घालणाऱ्याची प्रथिनं ३.४७ ऐवजी ३.६० असतील, तर १०४० किलो प्रथिनं जास्त, आणि त्या प्रत्येक किलोचे पैसे. गाय निवडताना, चारा ठरवताना हा आकडा डोक्यात असतो. गाई वर्षात किमान १२० दिवस आणि त्या दिवशी किमान ६ तास कुरणात सोडल्या तर वर वेगळी रक्कम. वर्षअखेर कंपनीचा नफा ठरला की फरक मिळतो, आपल्याकडे दिवाळीला मिळतो तसा. मात्र त्याचा काही भाग रोख न देता सभासदाच्या नावे रोख्यात ठेवण्याची पद्धत होती. संस्थेचं भांडवल त्यातून उभं राहिलं. गोकुळ-वारणेच्या सभासदाला दिवाळीचा फरक अर्धा कागदावर देऊन बघा, काय होतं ते.

एवढं सांगून डच सहकाराची आरती करायची नाही. वार्गाचा तो कारखाना ज्या माळेतला पहिला मणी, ती माळ एकत्र होत होत १९९७ मध्ये फ्रीसलँड कोबर्को झाली, दक्षिणेकडून कँपिना वाढली आणि डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या. देशातलं बहुतेक दूध एका हाती जाणार म्हणून युरोपीय आयोगाने अटी घातल्या. ताज्या दुधाचा एक कारखाना विका, चीजचा एक विका, आणि जे सभासद सोडून दुसऱ्या डेअरीकडे जातील त्यांना १०० किलोमागे ५ युरो द्या. सहकाराने शेतकऱ्याला बाहेर जाण्याचे पैसे द्यायचे, असा विचार आपल्या सहकार कायद्यात कुणाला सुचेल असं वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बेल्जियमच्या मिल्कोबेलशी विलीन होण्याचा इरादाही जाहीर झाला. वार्गाच्या शेतकऱ्याला कारखान्याचा धूर घरातून दिसत होता. आजच्या सभासदाला आपलं लोणी कुठल्या खंडात विकलं जातं हे वार्षिक अहवालातून कळतं. गोठे दर वर्षी कमी होतात, उरलेले मोठे होतात, आणि नायट्रोजनच्या नियमांवरून २०१९ साली ट्रॅक्टर हायवेवर आले ते आपण टीव्हीवर पाहिलंच.

आणखी एक जुना धागा आहे. १९७० मध्ये दूधमहापूर योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात जागतिक अन्न कार्यक्रमातून १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल आलं. ते युरोपच्या जास्तीच्या दुधातलं. ते फुकट वाटलं नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईच्या डेअऱ्यांत दूध करून विकलं आणि त्या पैशातून संघ उभे केले. युरोपच्या अतिरेकाने आपल्याकडे भांडवल तयार झालं, असं उदाहरण क्वचितच.

महाराष्ट्रात यातलं काय जमेल? मोठं विलीनीकरण नको, सरकारी हमीदरानेही मोजमाप सुधारत नाही. प्रत्येक किटलीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणंही अशक्य. गावात शंभर दूध उत्पादक, दिवसाला दोनशे नमुने. पण दहा दिवसांच्या बिलात प्रत्येकाचा एक नमुना, कधी घेणार ते न सांगता, दोन बाटल्यांत घ्यावा. एक संघाकडे, एक सीलबंद, जतन करणारी गोळी टाकून ४ अंशाला शीतपेटीत. ती जिल्ह्यातल्या अशा प्रयोगशाळेत जावी जिला ना संघ पगार देतो, ना खासगी डेअरी; खर्च लिटरमागे काही पैसे कापून. दोन आकड्यांत फॅटचा ०.१ पेक्षा जास्त फरक आला, तर त्या केंद्राच्या मशीनचं त्या दिवसापासूनचं बिल पुन्हा करायचं. अनुदानाच्या फायलीपेक्षा ही बाटली खूपच स्वस्त पडेल.