कॉलेजची लस-अट आणि तो सात मुद्द्यांचा मेसेज

महाराष्ट्रातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१पासून उघडली. १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्याचे कोविड लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत, ही तेव्हाची अट. ती जाहीर होते न होते तोच सात मुद्द्यांचा एक मेसेज फिरू लागला. लससक्ती बेकायदा आहे, हायकोर्टाचा निकाल आहे. त्रास झाला तर जबाबदारी तुमची, असं प्राचार्यांकडून हमीपत्र घ्या. मुलींना पुढे मूल होत नाही. दोन डोसांतलं ८४ दिवसांचं अंतर म्हणजे पोरांना बाहेर ठेवायचा डाव. शिबिरात उघडी, उरलेली बाटली टोचतात. दंडाला लोहचुंबक चिकटतं. दोन वर्षांत खेळ खलास. खाली अर्थातच ‘दहा ग्रुपवर पाठवा’.

कुठल्याशा वकिलाच्या नावानं तो फिरत होता तोवर सोडून देता येत होतं. मग तो घरातल्या पोरींच्या ग्रुपवर अहिराणी क्लिप होऊन आला: ‘आंडेरले लेकरू व्हवाव नई’, म्हणजे पोरीला मूल होणार नाही. तेही नऊ दिवसांच्या मोहिमेत कॉलेजात लसीकरणाचं शिबिर लागलेलं असताना. तेव्हा आधी हाच मुद्दा घेऊ, बाकीचे मग.

कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीत सापडणारा सर्दीचा एक विषाणू असतो, शरीरात वाढूच शकणार नाही असा करून ठेवलेला. कोरोनाच्या अंगावरचा काटा, म्हणजे स्पाइक प्रथिन, कसं बनवायचं एवढीच माहिती तो पेशीला देतो. कोव्हॅक्सिनमध्ये कोरोनाचाच विषाणू असतो, पण रसायनानं मारलेला. टोचायचं औषध अर्धा मिलिलिटर, तेही दंडाच्या स्नायूत. गर्भाशय, बीजांडं यांच्याशी संबंध कुठे आला? मेसेजवाले सांगतात, स्पाइक हे गर्भाची वार तयार करणाऱ्या एका प्रथिनासारखं दिसतं, म्हणून शरीर वारेवरच उलटतं. साम्य आहे ते लांबलचक साखळीतल्या मोजक्या दुव्यांचं. तेवढ्यावरून शरीर फसत नाही.

आणि क्षणभर धरू की फसतं. मग स्पाइकविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) लसीनं आली काय, आजारानं आली काय, परिणाम एकच व्हायला हवा. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, चौथं सेरो सर्वेक्षण (रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते बघणारं) २०२१च्या जून-जुलैत झालं. सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. लस अजिबात न घेतलेल्यांतही ६२.३ टक्के. म्हणजे सुई न टोचलेल्यांतही निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात ही प्रतिपिंडं आलेली होती. क्लिपवाल्याच्या हिशेबानं गावोगावचे पाळणे एव्हाना रिकामे पडायला हवे होते. वंध्यत्वाचा काहीही पुरावा नाही, हे आरोग्य मंत्रालयानं जून २०२१ मध्येच स्पष्ट केलं आणि जुलैपासून गर्भवतींनाही लस खुली झाली. पोलिओच्या दोन थेंबांबद्दलही हेच पसरवलं होतं. ते थेंब घेतलेल्या पिढीची पोरं आज शाळेत जातात.

याच क्लिपला पाळीची शेपूट आहे: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घ्यायची नाही. एप्रिल २०२१ मधली अफवा, तेव्हाच खोडलेली. पाळी चालू असताना लस घेता येते. डोसनंतर एखादी पाळी मागेपुढे झाली, रक्त जास्त गेलं, असं काही बायकांनी सांगितलंय. ते खोटं म्हणायचं कारण नाही. पण पाळी चार दिवस पुढे जाणं वेगळं आणि मूल न होणं वेगळं. शिवाय पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर, मधले पाळीचे दिवस धरले की महिन्याचा निम्मा गेला. नऊ दिवसांच्या मोहिमेत अशा किती जणी घरी बसल्या असत्या, मोजा.

आता हायकोर्ट. निकाल आहे, खोटा नाही. मेघालय उच्च न्यायालय, २३ जून २०२१. दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीवाले यांनी लस घेतल्याशिवाय धंदा करू नये, असे आदेश तिथल्या जिल्हा प्रशासनांनी काढले होते. जबरदस्तीनं लस देणं आणि त्यापायी पोट मारणं चालणार नाही, असं कोर्टानं म्हटलं. मेसेज इथे थांबतो. आदेश थांबत नाही. त्याच आदेशात सुरुवातीलाच लसीकरण ही निव्वळ गरज नव्हे तर अत्यावश्यक बाब असल्याचं लिहिलंय. दुकानदारानं कामगारांचं लसीकरण झालंय की नाही, याची पाटी दर्शनी भागात लावावी, टॅक्सीवाल्यानंही लावावी, म्हणजे गिऱ्हाइकाला ठरवता येईल, असंही त्यातच आहे. लस घेतली-न घेतली याला काडीची किंमत नसती तर कोर्टानं पाट्या कशाला लावायला सांगितल्या असत्या? आणि तो आदेश मेघालयातल्या पोटापाण्याच्या प्रश्नावरचा आहे. आपल्या कॉलेजच्या वर्गाबद्दल त्यात एक ओळ नाही.

हो, कोविडची लस ऐच्छिक होती, केंद्र सरकार स्वतःच तसं सांगत होतं. तुमच्या घरी येऊन कोणी दंड धरणार नव्हतं. पण बंद खोलीत साठ पोरं शेजारी शेजारी बसवायची तर आत येण्याला अट घालणं ही दंड धरण्यासारखी गोष्ट नाही. वर्गात येता येत नव्हतं त्याला ऑनलाइन शिकवायचं होतं. प्रवेश रद्द होत नव्हता.

हमीपत्राचं काय सांगावं! प्राचार्य लस बनवत नाहीत, साठवत नाहीत, टोचत नाहीत. त्रास झालाच तर नोंद लसीकरण केंद्रातून जिल्ह्याकडे जात होती आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत होत होते. तो छापील फॉर्म घेऊन कार्यालयासमोर रांग लावण्यापेक्षा डोसनंतरची तीस मिनिटं केंद्रावर नीट बसून काढणं शहाणपणाचं होतं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र थापा नाही. केंद्राच्या समितीनं मे २०२१ मध्ये कोव्हिशील्डचा हिशेब दिला: दर दहा लाख डोसांमागे गुठळ्यांचे ०.६१ रुग्ण. अगदी विरळ, पण शून्य नाही. वीस दिवसांच्या आत धाप लागली, छातीत दुखलं, पाय सुजला, डोकेदुखी थांबेचना किंवा सुई टोचलेली जागा सोडून इतरत्र टाचणीएवढे लाल ठिपके उठले, तर अंगावर न काढता दवाखाना गाठायचा होता. मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं.

८४ दिवसांचा मुद्दा बोचरा आहे. यात थोडं तथ्य आहे, मान्य. तेव्हा कोव्हिशील्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवडे, म्हणजे किमान ८४ दिवस ठेवायचे होते, कोव्हॅक्सिनमध्ये २८ दिवस. आपल्याकडे १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली २२ जूनला. त्या दिवशी घेतली त्याचा दुसरा डोस १४ सप्टेंबरला आला. १५ ऑगस्टला घेतली त्याचा ७ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीनंतर. आणि २७ ऑक्टोबरला शिबिरात पहिला घेतला त्याचा थेट १९ जानेवारी २०२२ला. कोव्हॅक्सिन असेल तर २४ नोव्हेंबरला. सातपुड्यातल्या मोलगी-धडगावच्या पोराला एवढे महिने ‘ऑनलाइन कर’ म्हणणं म्हणजे रेंजसाठी टेकडी चढ म्हणणं. हा राग रास्त होता. पण अंतर लसीच्या वेळापत्रकाचं होतं, कॉलेजनं आखलेलं नव्हतं. आणि त्यावर उपाय पहिला डोस आणखी लांबवणं हा तर नव्हेच. ज्यांना कोरोना होऊन गेला होता त्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं, हेही त्या गणितात धरा.

उघडी बाटली? कोव्हिशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे. उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून आठ-दहा जण जमेपर्यंत नर्सताई थांबवून ठेवायच्या. सुई प्रत्येकाला नवी, एकदाच वापरता येणारी. रिकाम्या पोटी रांगेत उभं राहिलं की चक्कर येते, ती लसीची नव्हे, भुकेची आणि धास्तीची. भाकरी खाऊन जायचं, एवढंच.

लोहचुंबकासाठी दंडाला टाल्कम पावडर लावून बघा. घाम आणि तेलकटपणा गेला की चुंबकही पडतं, नाणंही. दोन वर्षांत मरणाच्या भाकितावर शाई घालवत नाही.

मोहीम २ नोव्हेंबर २०२१पर्यंत होती. जाताना पहिल्या डोसचा तोच मोबाइल नंबर आणि तेच ओळखपत्र न्यायचं होतं. घाईत दुसऱ्याच नंबरवर नोंद झाली की कोविन, म्हणजे लसनोंदणीचं सरकारी संकेतस्थळ, दुसरा डोसही पहिलाच धरायचं, हातात पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं पडायची आणि कॉलेजच्या गेटवर तुम्ही एका डोसचेच ठरायचात. तसं झालंच तर कोविनवर लॉगिन करून ‘रेझ ॲन इश्यू’मध्ये (तक्रार नोंदवायच्या जागी) जायचं, दोन्ही प्रमाणपत्रं एकत्र करायची सोय तिथेच होती. नाव किंवा जन्मवर्ष चुकलं असेल तर तेही तिथेच सुधारता येत होतं, पण एकदाच. म्हणून स्पेलिंग आधार कार्ड समोर ठेवून टाकणं बरं होतं.