हे म्हणे निवृत्तांचे चोचले

गेल्या महिन्यात पुण्याहून मामेभावाचा फोन आला आणि बोलता बोलता विषय टेकडीवर गेला. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा रस्ता वेताळ टेकडीच्या उतारावरून न्यायचा की नाही, हा वाद पुण्यात जुना आहे आणि आमच्या घरातही जुनाच. तो रोज कर्वे रस्त्याने जातो, नळ स्टॉपला अडकतो. त्या दिवशी नुकताच घरी पोचला असावा. म्हणाला, "पाच-पन्नास पेन्शनरांना सकाळी दुर्बीण घेऊन हिंडायचंय म्हणून सगळ्या कोथरूडने धूर खायचा का? हे निवृत्तांचे चोचले आहेत, ताई. आणि तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय?"

शेवटच्या वाक्याकडे नंतर येते. आधी चोचल्यांचं.

मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्याआधी तीस वर्षं इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले, रात्रपाळ्या केल्या. आता सकाळी डिड्सबरीतून निघते, फ्लेचर मॉस बागेतून मर्सी नदीच्या बांधावर उतरते आणि कडेकडेने चॉर्लटन वॉटर पार्कच्या तळ्यापर्यंत जाते. तासाभराची वाट, पण मला दोन तास लागतात, कारण मी थांबते. नॉर्दनडेनच्या बंधाऱ्यापाशी करडा धोबी शेपूट हलवत दगडावरून दगडावर उडतो. नशीब असलं तर खंड्या दिसतो. नुसता खंड्यासारखा नव्हे, आपल्याकडचा छोटा खंड्याच, जातसुद्धा तीच. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मोठ्याने "अगं बाई" म्हणाले होते. परतीला बस, पास आहेच. गुरुवारी वाचनालय. संध्याकाळी दिव्याखाली पुस्तक घेऊन बसते. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

याला कुणी चोचले म्हटलं की माझं डोकं तापतं, कारण ज्या गावात मी राहते तिथे रानात चालायचा हक्क म्हाताऱ्यांनी मिळवलेला नाही. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टर आणि आसपासची काही शे तरुण मुलं-मुली हेफील्डहून किंडर स्काउटच्या पठारावर चढली. डोंगर जमीनदारांचा, शिकारीसाठी राखलेला. चढणारे कारखान्यांत राबणारे, आठवड्याची एकुलती एक सुट्टी हातात असलेले, काही बेकार. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा जेमतेम विशीचा होता. पुढे 1949 मध्ये कायदा झाला, पायवाटांची नोंद नकाशावर आली, आणि 1951 मध्ये तोच डोंगराळ मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आज मी शेताच्या मधून जाणाऱ्या वाटेवरून चालते आणि शेतकरी मला अडवत नाही, त्यामागे ती पोरं आहेत.

पक्ष्यांचंही तसंच. मी रोज ज्या बागेतून जाते तिच्यातल्याच एका घरात एमिली विल्यमसनने 1889 मध्ये बायकांची संघटना काढली. टोप्यांवर खोवायला पिसं हवीत म्हणून तेव्हा पक्षी मारले जात, आणि या बायकांनी ती पिसं घालणार नाही अशी शपथ घेतली. शेंडीवाली मोठी टिबुकली त्या काळी याच पिसांपायी इंग्लंडातून संपत आली होती. आता चॉर्लटनच्या तळ्यावर वसंतात ती जोडीने मान हलवत नाचते. ती संघटना म्हणजे आजची आरएसपीबी, ब्रिटनमधली पक्षी वाचवणारी मोठी संस्था. पिसांची आयात बंद करणारा कायदा यायला 1921 उजाडलं. म्हणजे बत्तीस वर्षं. आपल्याकडे एवढा धीर आहे कुणाला?

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या त्या तळ्याशेजारून मोटरवे जातो ना? मागे आलो होतो तेव्हा ऐकू येत होता." जातो. एम साठ. खरं तर तळंच त्याच्यामुळे आहे. रस्ता बांधायला खडी-वाळू काढली, त्या खड्ड्यात पाणी साठलं. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. इथे सांगते. पण खड्डा पडल्यावर त्यावर इमारती उभ्या राहिल्या नाहीत, झाडं लावली गेली, हेही खरंच आहे. वेताळ टेकडीवरही दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठतं आणि पक्षी येतात. आपलं आपल्याला दिसत नाही एवढंच.

वाचनाच्या बाबतीत मात्र मी इथल्या लोकांना ऐकवते. मँचेस्टरचं मोफत वाचनालय 1852 चं. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, चार वर्षं आधीचं. इथे गेल्या पंधरा वर्षांत देशभर वाचनालयाच्या शेकडो शाखा बंद पडल्या. तेव्हा पुस्तकांचं वेड मी बोटीतून, विमानातून इथे आल्यावर शिकले असं कुणी समजू नये. ते मला बाबांकडून आलं. ते पहाटे टेकडीवर जात आणि परतताना वाचनालयाचं पुस्तक बदलून आणत. तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते, नोकरीत होते, आणि साडेनऊला ऑफिसात हजर असत.

आणि निवृत्तीतले चोचलेच म्हणायचे असतील तर मारुती चितमपल्लींचं काय करायचं? नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत वनखात्याची नोकरी झाल्यावर या माणसाने पक्षिकोश केला, मग प्राण्यांचा, झाडांचा, माशांचा. 2025 च्या जूनमध्ये सोलापुरात ते गेले, त्या रात्री मी पक्षिकोश काढून बसले. माझ्या वहीत इथल्या पक्ष्यांची नावं इंग्रजीत आहेत आणि तिथल्यांची मराठीत. नवरंगाचं इंग्रजी नाव मला साठीनंतर कळलं. टेकडीवर पावसाच्या तोंडावर त्याची दोन सुरांची शीळ ऐकून बाबा हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. नाव सांगायचे आणि पुढे चालायला लागायचे.

आता ते शेवटचं वाक्य. तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय?

एरंडवण्यात आमचं बैठं घर होतं, मागे उंबर. फळं पिकली की तांबट, कोकिळा, हळद्या, बुलबुल यांची झुंबड. उंबर तोडू नये असं आई म्हणायची, तिथे दत्त असतो. आई-बाबा गेल्यावर घर बिल्डरला द्यायचं ठरलं. भावंडांनी कागद पाठवले, मी इथून सही करून परत पाठवले. झाडाचा विषय कुणी काढला नाही आणि मीही काढला नाही. माझा वाटा पैशात घेतला. त्या पैशांनी या घराचं कर्ज फिटलं. म्हणजे मी नदीकाठी दोन तास उभी राहू शकते ती थोडीफार त्या उंबराच्या जिवावर. नळ स्टॉपला जी गर्दी आहे ती अशाच सह्यांमधून झालेली आहे, आणि त्यातली एक माझी. मामेभावाने हे मला कधी ऐकवलं नाही. त्याला सगळं माहीत आहे, तरी नाही.

तरीही मला तो रस्ता नको आहे. नवरंग माझा आहे म्हणून नको आहे असं नाही. माझ्या भाच्याची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला नवरंगाची शीळ कुणीतरी थांबून ऐकवली पाहिजे आणि त्यासाठी तो तिथे असला पाहिजे.

मागच्या रविवारी महापालिका आयुक्तांना पत्र लिहायला बसले. दोन पानं भरली. खाली नाव लिहिलं आणि पत्त्यापाशी थांबले. मँचेस्टरचा लिहिला तर पहिली ओळसुद्धा कुणी वाचणार नाही. बराच वेळ गेला. मग एरंडवण्याचा लिहिला, घर नंबर, गल्ली, पिनकोड सगळं. तिथे आता सात मजले आहेत. कुठल्याच मजल्यावर माझं काही नाही. पत्र पाकिटात घालून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही.