1290 म्हणजे यादवकाळ नाही, आणि सगळे कागद जळालेले पण नाहीत

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आणि अजून चार ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. त्याच्यात म्हणलंय की मराठवाड्यातल्या माणसाला गावात पहिल्यांदा येऊन राहिलेला आपला मूळपुरुष कधीच सापडणार नाही, निजामाचे सगळे कागद 1948 ला जळाले, उरले ते उर्दूत, म्हणून हैदराबाद गॅझेटात नाव बघा, आडनावावरून मूळ गाव काढा आणि गप बसा. खाली एका जुन्या कागदाचा फोटो, त्याच्यावर 1290 साल, आणि लिहिलंय की बघा हे घराणं यादवांच्या काळापासून इथं आहे. सगळे कागद जळाले तर हा कुठून आला हे कोणीच विचारलं नाही. मी सात वर्षं आमच्या मूळपुरुषाचा माग काढायलोय म्हणून लिहितो.

आधी ते 1290. ते फसली साल आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचा हिशोब फसलीत चालायचा, त्याच्यात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी 591. म्हणजे कागद 1880-81 चा, रामदेवराव यादवानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी! ही चूक लई जण करतेत, कारण जुन्या कागदावर नुसता आकडा असतो, शक असेल तर 78 मिळवायचे, मोडी कागदात सुहूर सन (मराठेशाहीत चालणारं अरबी नावाचं साल) असेल तर 599 किंवा 600, आणि कोणतं साल आहे ते महिन्याच्या नावावरून नाहीतर शेजारच्या नोंदीवरून ओळखावं लागतं. एका आकड्यावर अख्खी वंशावळ उभी करायची नसते.

आता जळण्याचं. 1947-48 च्या रझाकार आणि पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत काही गावांची दप्तरं गेली हे खरंय, माझी आजी त्या दिवसांत लेकरं घेऊन रात्र रात्र शेतात लपून बसली होती, ते मी कसं नाकारू. पण दप्तर एकाच जागी नसायचं. गावच्या पटवाऱ्याकडचं गेलं तरी तहसीलीत गेलेले कागद वेगळे. तिथल्या रेकॉर्ड रूममधे 1954-55 चं खासरा पत्रक (कोणती जमीन कोणाकडं होती त्याची गावची नोंद) मागा, मग त्याच्या आधीची पाहणीपत्रकं, वसूलबाकी, आणि घरात इनाम असेल तर मुंतखब, त्याच्यात इनाम कोणाला होतं आणि मागून वारस कोण लागले हे लिहिलेलं असतं. 2023 ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत मराठवाड्यात फिरली तेव्हा सरकारी दप्तरातूनच मोडी आणि उर्दू गठ्ठे निघाले की. अजून जुनं पाहिजे तर संभाजीनगरला पुराभिलेख कार्यालय आहे आणि हैदराबादच्या पुराभिलेखागारात शहाजहान-औरंगजेबाच्या वेळचे दख्खनचे कागद आहेत. मला एका कार्यालयात तीन वेळा रिकाम्या हातानं परत पाठवलं, चौथ्या वेळी गठ्ठा त्याच कपाटात निघाला, म्हणून "नाही" ऐकलं की जळालं असं समजू नका.

सगळं उर्दूत हे पण अर्धंच. दरबारात 1884 च्या सुमारापर्यंत फारसी होती, उर्दू नंतर आली, आणि गावपातळीवर कुलकर्णी-पटवारी मोडीतच लिहायचे. म्हणून मोडी शिका, सरावाची गोष्ट आहे. उर्दूसाठी तालुक्याला एखादा जुना मास्तर सापडतोच.

गॅझेटात पणजोबाचं नाव शोधणाऱ्यांनी वेळ घालवू नये, 1909 च्या गॅझेटियरमधे जिल्ह्याची लोकसंख्या, जातींचे आकडे, पिकं, नद्या आहेत, घरोघरची नावं नाहीत.

आडनावाचं तर उलटंच आहे. पैठणात राहणाऱ्याला कोण पैठणकर म्हणतं? गाव सोडून दुसरीकडं गेल्यावर ते नाव चिकटतं, आणि मधे दोन गावं बदलली असतील तर आडनाव मधल्याच गावाचं असू शकतं.

आमच्या घरात सांगायचे की मूळपुरुष लष्करातून घोड्यावर आला आणि गाव वसवलं. मी आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार, मग खासरा, असं एकेक पायरी मागं गेलो आणि शेवटी मोडीतल्या जमाबंदीच्या कागदात तो सापडला, मिरासदारांत, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेल्यांत नाही, उपऱ्यांत. म्हणजे वडिलोपार्जित हक्क नसलेला, बाहेरून येऊन पड जमीन कसणारा. अशा माणसाला कौल द्यायचे, पहिली काही वर्षं सारा कमी आणि मग हळूहळू चढता. घोडा कुठंच नाही. चुलते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण मला तो माणूस आता खरा वाटतो, कोणाच्या तरी पडीत पहिला नांगर घातलेला.

आणि त्याचं मूळ गाव मला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत मिळालं, गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी पान काढून दिलं. गोदावरीच्या पलीकडचं गाव, आमच्या आडनावाशी काही संबंध नसलेलं. त्याच ओळीत त्याच्या बायकोचं नाव पण आहे, भागीरथी, आमच्या घरात आजवर कोणालाच माहीत नव्हतं.