शकुंतलेच्या पायात काटा नाहीच!

राजा रविवर्म्याचं 'शकुंतला' हे चित्र सध्या 'पायात काटा रुतला, वेदनेने व्याकूळ शकुंतला' अशा ओळीसह सगळीकडे फिरतंय. ही ओळ चुकीची आहे. हे चित्र दुखण्याचं नाही, प्रेमाचं आहे.

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त दुसऱ्या अंकात राजा दुष्यंत विदूषकाला सांगतो, की दर्भाचा अंकुर टोचल्याचं निमित्त करून ती अचानक थांबली आणि न अडकलेलं वल्कल (सालीचं वस्त्र) झाडाच्या फांदीतून सोडवत तोंड वळवून उभी राहिली. दुष्यंताकडे आणखी एकदा बघता यावं, एवढ्यासाठी!

आता चित्र नीट पाहा. सखीच्या खांद्यावर हात, एक पाऊल मागे उचललेलं, हात तळपायाशी, पण नजर? पायाकडे नाहीच, ती मागे वळलेली आहे. ज्याच्यासाठी हे सगळं, तो दुष्यंत चौकटीत कुठेच नाही. मला तर हीच रविवर्म्याची खरी कमाल वाटते.

१८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यामुळे अशी चित्रं आपल्या घराघरांत पोचली. आजीच्या माजघरातली ती तसबीर अजून असेल, तर तिची मान तेवढी पुन्हा बघा.