दुधात पाणी? कमी फिल्टरच्या सनस्क्रीनवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कमी यूव्ही फिल्टर (उन्हातले अतिनील किरण अडवणारे घटक) वापरूनही, 'बूस्टर' म्हणजे साहाय्यक घटकांच्या जोरावर, सनस्क्रीनचा एसपीएफ (त्वचा लाल होण्यापासून किती पट संरक्षण, तो आकडा) वाढवता येतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "हे सरळसरळ दुधात पाणी घालणं आहे. महाग माल कमी करायचा, बूस्टर नावाची भरती करायची आणि वर शास्त्र सांगायचं. फिल्टर निम्मे तर संरक्षण निम्मं, एवढं गणित शाळकरी पोरालाही येतं."

गणितापासूनच सुरुवात करतो, कारण शाळकरी त्रैराशिक इथे लागू होत नाही.

समजा, सनस्क्रीन अगदी एकसारखं पसरलंय आणि त्यातून २ टक्केच किरण आत जातात. म्हणजे पन्नासावा भाग, एसपीएफ ५०. पण त्वचा ही काच नव्हे. तिच्यावर बारीक रेघा, खळगे, उंचवटे असतात. क्रीम खळग्यात साचतं आणि उंचवट्यावर विरळ होतं. समजा, १० टक्के जागा पार उघडी राहिली. तिथून १० टक्के किरण थेट आत, उरलेल्या झाकलेल्या भागातून १.८. एकूण ११.८ टक्के, म्हणजे एसपीएफ साडेआठच्या आसपास. आता तुमच्या हिशोबाने फिल्टर दुप्पट करा. झाकलेल्या भागातून जवळपास काहीच जाणार नाही, पण उघड्या जागेतून जायचे ते १० टक्के जाणारच. एसपीएफ कसाबसा दहाला टेकतो. याउलट फिल्टरला हात न लावता उघडी जागा १० वरून ५ टक्क्यांवर आणा: आत येतात ६.९ टक्के, एसपीएफ साडेचौदा. चार कौलं फुटलेली असताना बाकीची कौलं दुप्पट जाड केली म्हणून गळती थांबत नाही.

खऱ्या त्वचेवर पूर्ण उघडं आणि पूर्ण झाकलेलं असे दोनच भाग नसतात, हे मान्य. पण गळती पातळ जागांतून होते, हे तिथेही तितकंच खरं. थर सलग बसवणारे फिल्म फॉर्मर म्हणून कामाचे. लेखात मी त्यांना एकच ओळ दिली आणि किरण विखुरणाऱ्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांवर (त्या पुढे येतातच) तीन परिच्छेद खर्च केले. तो तोल चुकलाच.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या टेबलावरची. बरेचसे फिल्टर मुळात पावडर असतात. ॲव्होबेन्झोन, बेमोट्रिझिनॉल, एथिलहेक्सिल ट्रायझोन. ते तेलात पूर्ण विरघळले आणि विरघळलेलेच राहिले, तर काम करतात. एकदा मी अशाच एका नमुन्यात आकडा वाढावा म्हणून ट्रायझोन सढळ हाताने घातलं. ताजं असताना क्रीम लोण्यासारखं होतं. काही आठवडे थंडीत राहिल्यावर बोटाला साखरेसारखी कणी लागायला लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर स्फटिकच स्फटिक. कागदावर फिल्टर भरपूर, पण कणीत अडकलेला, पसरलेला नाही. पुढच्या खेपेला फिल्टर कमी केलं, विरघळवणारं तेल बदललं, आणि कणी धरली नाही. लेबलवर हे दुसरं क्रीम तुम्हाला 'पाणी घातलेलं' दिसलं असतं.

ॲव्होबेन्झोनची आणखी एक खोड: उन्हात ते स्वतःच मोडतं, आणि सोबत ऑक्टिनॉक्सेट हा दुसरा फिल्टर असेल तर दोघं एकमेकांना संपवतात. ऑक्टोक्रिलीन किंवा बेमोट्रिझिनॉल त्याला सावरतं. मोडणारा फिल्टर जास्त घालण्यापेक्षा आहे तो टिकवणं शहाणपणाचं. तुम्ही याला भरती म्हणणार असाल तर माझा नाइलाज आहे.

आता पोकळ गोळ्या. मायक्रॉनहूनही लहान, आत पाणी; क्रीम वाळलं की पाणी जातं आणि आत हवा उरते. पॉलिमरचं कवच आणि आतली हवा यांच्या अपवर्तनांकात (किरण किती वळवतात त्यात) फरक असल्याने किरण वेडेवाकडे विखुरतात, थरातला त्यांचा रस्ता लांबतो आणि वाटेत फिल्टरचे रेणू जास्त वेळा भेटतात. थरात फिल्टरच नसेल तर नुसत्या लांब रस्त्याने फारसं काही साधत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले, आणि या गोळ्या त्याच जातकुळीतल्या आहेत. हा आक्षेप तुम्ही घेतला नाहीत. लेखात मीच घ्यायला हवा होता.

जिथे तुमचा संशय खरा आहे, तिथे येतो. ब्यूटिलऑक्टिल सॅलिसिलेट हे अधिकृत फिल्टरच्या यादीत नसतं, तेल म्हणून किंवा विरघळवणारा घटक म्हणून येतं. पण त्याची रचना ऑक्टिसॅलेट या मान्यताप्राप्त फिल्टरची सख्खं भावंड शोभावं अशी आहे आणि ते यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) शोषतं. 'फक्त खनिज फिल्टर' असं मिरवणाऱ्या बाटलीत ते सापडतं तेव्हा फिल्टर कमी झालेला नसतो, त्याचं नाव बदललेलं असतं. याला मीही लबाडीच म्हणेन.

त्याहून वाईट प्रकार लाली दाबणाऱ्या घटकांचा. माणसांवरच्या चाचणीत एसपीएफ ठरतो तो त्वचा लाल व्हायला किरणांची किती मात्रा लागते त्यावर. दाह कमी करणारा घटक पुरेसा घातला तर लाली उशिरा येते, आकडा वाढतो, आणि किरण मात्र पूर्वीइतकेच आत जातात. मी लेखात 'बिसाबोलॉलसारख्या घटकांचीही मदत होते' असं लिहिलं होतं; बिसाबोलॉल हा असाच दाह शमवणारा घटक. ते वाक्य आज काढून टाकलं आहे.

पण फिल्टरची टक्केवारी हीच खात्री, हे मात्र मी मानणार नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'चॉइस' या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन तपासली, त्यातली १६ लेबलवरच्या आकड्यापर्यंत पोचली नाहीत. सर्वात वाईट ठरलेलं क्रीम निव्वळ झिंक ऑक्साइडचं होतं, झिंक २० टक्क्यांहून जास्त, लेबलवर ५०+. चाचणीत आलं ४. माल पुरेपूर होता की.

आणि कमी कशासाठी करायचं? पैसे वाचतात म्हणूनही, नाकारत नाही. पण बहुतेक द्रव फिल्टर चिकट, तेलकट असतात आणि झिंक पांढरं दिसतं, म्हणून लोक हात आखडता घेतात. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, लोक प्रत्यक्षात निम्मं किंवा त्याहून कमी. शिवाय अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत काही फिल्टर रक्तात उतरताना दिसले. त्याने अपाय होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण विनाकारण जास्त घालू नये एवढं तरी पटतं.

शेवटी तुम्ही टोमणा मारलात, "स्वतः लावता का असली क्रीमं?" लावतो. आधी बघतो यूव्हीएचा (त्वचेत जास्त खोल जाणाऱ्या अतिनील किरणांचा) आकडा किंवा खूण, कारण एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचीच गोष्ट सांगतो. मग घटकांची यादी, त्यात ते सॅलिसिलेट आहे का. आणि चेहरा व मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम, दोन वेळा थोडं थोडं करून. पहिल्या हाताला राहिलेल्या फटी दुसऱ्या हाताला बऱ्याच बुजतात.