तुमची फॉरवर्ड केलेली अमेरिका

सांगलीच्या मामेभावाने २०२४च्या सप्टेंबरात घरच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली. फिलाडेल्फियातल्या डिबेटमध्ये ट्रम्प म्हणतायत की ओहायोच्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक गावातली कुत्री-मांजरं खातायत, आणि एबीसी चॅनेलचा सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर तिथल्या तिथे सांगतो की आम्ही सिटी मॅनेजरकडे चौकशी केली, अशी एकही विश्वासार्ह तक्रार नाही. खाली भावाची ओळ: ‘याला म्हणतात पत्रकार. आमच्याकडे आहे का एकाची टाप?’ त्यावर विट्याच्या काकांचं उत्तर आलं की अमेरिकेतलं एक फॉक्स सोडलं तर सगळी चॅनेलं ट्रम्पच्या मुळावर उठलीत, मग आमच्याच चॅनेलांना गोदी कशाला म्हणता?

मधल्या काळात अमेरिकेचा निकाल लागला, महाराष्ट्र विधानसभेचं २० नोव्हेंबरचं मतदान तोंडावर आलं, तरी हे भांडण मिटलेलं नाही. दोघांनाही साक्षीला अमेरिकाच लागते. मी पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीत राहतो, म्हणजे दोन्ही पक्षांनी सगळ्यात जास्त घाम गाळला त्या भागात. मला ग्रुपवर कोणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

भावाने जूनची क्लिप टाकली नव्हती. २७ जूनला अटलांटात बायडेन आणि ट्रम्प समोरासमोर आले, तेव्हा सीएनएनने आधीच ठरवलं होतं की सूत्रसंचालक कोणाचं काही खोडणार नाहीत. दीड तास दोघंही सूत्रसंचालक फक्त पुढचा प्रश्न विचारत राहिले. त्या रात्री बायडेन ज्या प्रकारे अडखळले, ते एका दिवसात आलेलं म्हातारपण नव्हतं. पण त्यांच्या बाजूच्या चॅनेलांवर त्याआधी हा विषय काढणं म्हणजे ट्रम्पला मदत करणं असा सूर असायचा. २१ जुलैला बायडेन उमेदवारीतून बाजूला झाले, कमला हॅरिस पुढे आल्या आणि तीच मंडळी दुसऱ्या दिवसापासून ‘नवा उत्साह’ म्हणायला लागली. टाप तेव्हा कुठे गेली होती रे?

माझं म्हणणं एवढंच आहे की इकडचं चॅनेल सरकारला फारसं घाबरत नाही, ते आपल्या प्रेक्षकाला घाबरतं. १९८७पर्यंत रेडिओ-टीव्हीला वादाच्या विषयात दुसरी बाजूही द्यावी लागायची. तो नियम गेला. १९९६च्या एकाच वर्षात एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज निघाली आणि पुढे त्यांनी एकेक बाजू वाटून घेतली, फॉक्सने ट्रम्पच्या पक्षाची, एमएसएनबीसीने बायडेनच्या. २०२०च्या निवडणुकीनंतर फॉक्सवर मतदान यंत्रांनी ट्रम्पची मतं फिरवल्याचं जे काही बोललं गेलं, ते दाखवणाऱ्यांनाच खरं वाटत नव्हतं. त्यांचे आपापसातले मेसेज खटल्यात बाहेर आले. भीती ही होती की खरं सांगितलं तर माणसं उठून न्यूजमॅक्स या आणखी उजव्या चॅनेलकडे जातील. एप्रिल २०२३मध्ये फॉक्सने ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. काकांनी हे मात्र ग्रुपवर टाकलं नाही.

आमच्या जिममध्ये शेजारी शेजारी दोन टीव्ही आहेत, आवाज बंद, खाली अक्षरं पळतात. ट्रम्प आमच्याच काउंटीतल्या फीस्टरव्हिलच्या मॅकडॉनल्ड्समध्ये फ्राइज तळून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे पळत होतो. दोन्हीकडे तोच ॲप्रन, तीच ड्राइव्ह-थ्रूची खिडकी. डावीकडच्या टीव्हीवर: कष्टकऱ्यांमधला माणूस. उजवीकडच्या टीव्हीवर: दुकान बंद ठेवलं होतं, गाडीतले लोक आधीच तपासून घेतले होते. दोन्ही खरं. माझ्या पुढच्या ट्रेडमिलवरचा माणूस डावीकडे बघत होता, पलीकडची बाई उजवीकडे, आणि दोघांच्याही कानात हेडफोन.

आता भाऊ म्हणेल, वॉशिंग्टन पोस्टचं काय? २५ ऑक्टोबरला पोस्टने जाहीर केलं की यंदा अध्यक्षपदासाठी कोणालाच पाठिंबा देणार नाही. १९७६पासून, एक १९८८ सोडलं तर, दर वेळी देत आलेला पेपर. मालक ॲमेझॉनवाले जेफ बेझोस, संपादक मंडळाचा हॅरिसबाईंना पाठिंब्याचा मजकूर तयार, आणि मालकाने तो थांबवला. अडीच लाखांहून जास्त वाचकांनी वर्गणी रद्द केली. इथे मला जरा मागे सरावं लागतं. रद्द करायला वर्गणी असावी लागते. आपल्याकडच्या पाच रुपयांच्या पेपराचा वाचक चिडला तर पेपरवाल्या पोराला उद्यापासून टाकू नको म्हणेल, मालकाच्या गल्ल्यात काय फरक पडणार? तिथे पोट जाहिरातीवर चालतं. आचारसंहिता लागायच्या आधीचे ई-पेपर मी इथून चाळत होतो. लाडक्या बहिणीच्या पानभर जाहिराती उलटल्याशिवाय बातमी हाताला लागत नव्हती.

पण मराठी वाचकाने तरी पक्षपाती छापखान्याचं नवल करू नये. सकाळ पवारांच्या घरातला, लोकमत दर्डांचा, प्रहार राण्यांचा, सामना तर उघडच मुखपत्र. आमचे अण्णा सकाळी दोन पेपर घ्यायचे आणि दोन्हींतलं अर्धं अर्धं सोडून द्यायचे. ती शिस्त तेव्हा घराघरात होती असं मला वाटतं. (इकडे राहून तिकडचं सगळंच चांगलं आठवतं, ते वजा करून घ्या.) ती २००९ला मोडली. त्या विधानसभेत एकाच नेत्याचं कौतुक वेगवेगळ्या मराठी पेपरांत शब्दाला शब्द सारखं छापून आलं, आणि ते पी. साईनाथांनी ‘द हिंदू’त चव्हाट्यावर आणलं. ज्याचा रंग माहीत आहे तो पेपर कसा वाचायचा हे कळतं. पैसे घेऊन बातमीच्या कपड्यात आलेली जाहिरात कशी वाचायची? एवढ्यापुरता भाऊ बरोबर आहे आणि काका साफ चूक.

जाहिरातीवरून आठवलं. तिकडे मतदान संपायच्या आधी ४८ तास भोंगे बंद, टीव्हीवरच्या प्रचाराच्या जाहिरातीला आयोगाच्या समितीचा शिक्का. इकडे उमेदवाराची जाहिरात टीव्ही स्टेशनला कापता येत नाही, कितीही धादांत खोटी असो. ऑक्टोबरभर ईगल्स या इकडच्या फुटबॉल टीमच्या प्रत्येक मॅचमध्ये, दर ब्रेकला, मतदानाच्या दिवशी सकाळीसुद्धा. या बाबतीत आपण खूप पुढे आहोत, पण हे ग्रुपवर म्हटलं की भाऊ म्हणतो, बघ, दादाही भक्त झाला.

खरं सांगायचं तर या सगळ्या गदारोळात माझ्याकडे कोणी मत मागायला आलंच नाही. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी एक बाई क्लिपबोर्ड काखेत धरून आमच्या रस्त्यावर शिरल्या. डावीकडच्या घरी पाच मिनिटं बोलल्या. मी उगाच पोर्चवरचा पाचोळा झाडायला बाहेर आलो. त्या आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी थांबल्या, फोनमध्ये यादी बघितली, माझ्याकडे बघून छान हसल्या आणि उजवीकडच्या घरी गेल्या. यादीत मतदारांची नावं असतात. आमच्या घराचं नाव नाही. पत्रपेटीत चकचकीत कार्डांचा ढीग यायचा, तो आधीच्या मालकाच्या नावाने. मुलगी इथलीच, पण ती अध्यक्ष निवडायला जाईल २०३२ला. आमच्या ग्रीन कार्डाचा नंबर त्याआधी लागेल याची मला खात्री नाही.

आणि सांगलीत? परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः जावं लागतं. तरी गेल्या आठवड्यात मी ग्रुपवर सलग तीन लेख टाकले, कोणाला पाडायला हवं ते सांगणारे. त्यावर पहिल्यांदाच भाऊ आणि काका एका बाजूला झाले. भावाने लिहिलं, ‘दादा, तिकडून सांगू नकोस. तिकीट काढ आणि ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो.’ काकांनी खाली अंगठा दाखवला, वरच्या दिशेचा. पासपोर्टातला माझा व्हिसा कधीच संपलाय. तिकडे गेलो तर मुंबईच्या वकिलातीची तारीख मिळेपर्यंत परत येता येणार नाही. हे ग्रुपवर लिहिणं जिवावर आलं, म्हणून बुधवारी रजा नाही असं कळवलं.