पिस्तूलवाले किती सज्जन असतात हे आकड्यांनी कसं सिद्ध करावं

अमेरिकेतल्या बंदुकीवरून कुणाशी वाद घालायचा असेल तर अभ्यास-बिभ्यास करायच्या भानगडीत पडू नका, सरळ टेक्सासचा तक्ता उचला. तिथलं पब्लिक सेफ्टी खातं वर्षाकाठी एक यादी काढतं, कुठल्या गुन्ह्यात एकूण किती शिक्षा झाल्या आणि त्यात पिस्तूल जवळ घेऊन फिरायचं लायसन्स असलेले किती. लायसन्सवाले पंधरा लाखांच्या वर गेले तरी त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आतच. झालं काम! स्क्रीनशॉट मारायचा आणि ह्यूस्टनचा मावसभाऊ फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आत आपणच टाकून मोकळं व्हायचं, खाली लिहायचं, बघा, कमरेला पिस्तूल आलं की माणूस सुधारतो.

आता एखादा आगाऊ विचारणारच की हे लायसन्स मिळतं कुणाला. तेव्हा नेट गेलं म्हणून सांगा. कारण खरं सांगायला गेलात तर पंचाईत आहे, वयाची अट, बोटांचे ठसे द्यायचे, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, गेल्या पाच वर्षांत जरा हलक्या गुन्ह्यातलीही नको, मुलांची पोटगी थकलेली नको, टॅक्स थकलेला नको, वर क्लास करा, लेखी परीक्षा द्या आणि मग रेंजवर 3, 7 आणि 15 यार्डांवरून 50 गोळ्या झाडून 250 पैकी 175 मार्क आणा. एवढं सगळं निस्तरणारा माणूस मुळातच गुन्हेबिन्हे करणाऱ्यातला नसतो हो. आणि ज्यांना लायसन्स नाकारलं ते कुठे जातात, तर जनरल पब्लिकमध्ये! म्हणजे गावातले माळकरी दारू किती पितात ते मोजायचं, बाकीच्या गावाशी तुलना करायची आणि तुळशीच्या माळेने लिव्हर सुधारतं अशी जाहिरात करायची.

तक्त्यातली माझी लाडकी ओळ म्हणजे बेकायदा शस्त्र बाळगणे. 2021 पर्यंत लायसन्स नसताना पिस्तूल घेऊन रस्त्यावर फिरलात की हा गुन्हा होता, लायसन्स असेल तर बहुतेक वेळा गुन्हाच नव्हता, आणि यात लायसन्सवाले कमी सापडले म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या.

तुम्ही बंदुकीच्या विरोधातले असाल तरी नाराज होऊ नका, तुमचीही सोय आहे. टेक्सासमधल्या 2001 ते 2009 च्या शिक्षांवर 2013 मध्ये एक अभ्यास आला, त्यात निघालं की लायसन्सवाल्यांना शिक्षा खूपच कमी होतात, पण ज्या होतात त्यात कुणाचा जीव जाणं, बंदूक, लैंगिक गुन्हे यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. तुम्ही 'पण' च्या पुढचं वाचा, मावसभाऊ 'पण' च्या आधीचं वाचेल, एका अभ्यासात दोघांचं भागतं.

फक्त एक पथ्य पाळा. पिस्तूल घेऊन फिरण्याचा कायदा सैल केल्यावर अख्ख्या राज्यातली गुन्हेगारी वाढली का घटली, हा प्रश्न कुणालाही काढू देऊ नका. तो किचकट आहे. 2004 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या समितीने सगळं चाळून सांगितलं की पुराव्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, 2019 मध्ये स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन डोनोह्यू आणि मंडळींनी हिशोब मांडला की कायदा सैल केल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, तो केला नसता तर जेवढे झाले असते त्यापेक्षा, 13 ते 15 टक्के जास्त दिसतात. यावर भांडायला स्क्रीनशॉट पुरत नाही, वाचावं लागतं, आणि तेवढा वेळ आहे कुणाला.

टेक्सासने मात्र या आकड्यांचा खरा अर्थ बरोबर ओळखला. 1995 मध्ये गव्हर्नर बुशनी सही करून लायसन्स आणलं, लायसन्सवाले वर्षानुवर्षं सज्जन निघाले, मग 1 सप्टेंबर 2021 पासून लायसन्सची सक्तीच काढून टाकली. आता क्लास नको, रेंज नको, ठसे नकोत. हौस असेल त्यांना लायसन्स अजून मिळतं, दुसऱ्या राज्यात चालतं म्हणून लोक काढतातही, त्यामुळे तक्ताही निघतो आणि तुम्ही तो बिनधास्त फॉरवर्ड करत राहा. लायसन्स न काढता पिस्तूल लावून फिरणाऱ्याला त्यात वेगळा रकाना नाही, त्याने काही केलंच तर ते जनरल पब्लिकच्या नावावर पडेल.